पेटीत चिखल नको, वाफसा हवा: ब्लड पायथन पाळताना या चुका टाळा

संक्रांत उलटली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, कात तुकड्या-तुकड्यानं निघालीया, काय करू?" आणि पावसाळा लागला की, "ताई, पोटाखाली लाल झालंय." कोल्हापुरात ब्लड पायथन, म्हणजे परदेशी अजगराची एक जात, ठेवणारी माणसं मोजकीच आहेत, तरी ही दोन वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकतेय. दोन्हींचं मूळ एकच. दमट हवा वेगळी आणि ओली जमीन वेगळी, हे कुणी थांबून समजून घेत नाही.

हा साप मूळचा मलाय द्वीपकल्पाचा आणि पूर्व सुमात्राचा. दलदलीच्या कडेला, ओढ्याकाठच्या झाडीत आणि आता पामतेलाच्या बागांत उंदरांवर जगणारा. तिथली हवा बारा महिने उबदार आणि दमट. आपल्याकडे मात्र मार्चच्या दुपारी ओठ फुटतात आणि जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. त्याला हवी असते साधारण 60 ते 75 टक्के आर्द्रता आणि 26 ते 30 अंशांची ऊब. आकडा वर्षभर तोच, पण तो गाठायची रीत इथं दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. व्हिडिओ बघून साप आणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

सारखा फवारा मारणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगते.

एका मे महिन्यात उजळाईवाडीकडचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा उशीच्या अभ्र्यात साप घेऊन माझ्या दारात आला. दीड-दोन फुटांचं पिल्लू. अभ्रा उघडला तसा भिजलेल्या गोणपाटासारखा आंबूस वास आला. मी पिल्लू हातावर घेऊन हळूच उलटं केलं. पोटावरच्या रुंद खवल्यांच्या कडा तपकिरी पडलेल्या, मध्यावर तीन-चार बारीक फोड, आणि शेपटीजवळचं एक खवलं बोट लागताच सरकलं. पोटाची खवली कुजायला लागली होती. आणि पाठीवर? पाठीवर जुन्या कातीचे कोरडे पापुद्रे चिकटलेले. खालून कुजतंय आणि वरून सुकतंय, दोन्ही एकाच जनावरात.

"पाणी किती वेळा मारतोस?"

"चार वेळा, ताई. इस्त्रीच्या बाटलीनं. आर्द्रतेचा मीटर खाली आला की लगेच."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन पेटी बघितली. काचेची टाकी, वर पूर्ण जाळीचं झाकण, खोलीत पंखा फुल्ल. फवारा मारला की मीटर 85 वर जायचा आणि तासाभरात 40 वर यायचा, कारण ओली हवा जाळीतून थेट पंख्याच्या वाऱ्यात जात होती. पाणी तेवढं खाली मुरायचं. तळाशी हात घातला तर चिखल.

त्याच्या घरी ऊस आहे. मी विचारलं, "ओल्या रानात पेरता का रे तुम्ही?"

"न्हाई ओ. वापसा आल्यावर."

मग हेच तर सांगायचं होतं. पेटीतही वाफसाच लागतो. माती हातात घेऊन मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, आणि बोटानं टोचलं की गोळा फुटावा. तेवढी ओल तळाला असली की तीच सावकाश वर येऊन हवा दमट ठेवते. साप मात्र कोरड्या थरावर पडून राहतो.

मी काय करते ते सांगते. कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे निम्मे-निम्मे, चार बोटं जाडीचा थर. पाणी वरून कधीच मारत नाही. तांब्या घेऊन चार कोपऱ्यांत थोडं-थोडं ओतते, म्हणजे ते थेट तळाला जातं, आणि वरचा थर हातानं सारखा करते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. जाळीचं झाकण असेल तर तीन भाग प्लास्टिकच्या जाड शीटनं झाकायचं आणि एक भाग उघडा सोडायचा. खरं म्हणजे मी काचेची टाकीच वापरत नाही. कडेला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा टब ओल कितीतरी चांगली धरतो. टाकी शोभेला बरी दिसते, पण आत राहायचं असतं त्याला.

त्या पिल्लाला डॉक्टरांनी औषध दिलं आणि कोऱ्या कागदावर, एकदम कोरडं ठेवायला सांगितलं. कागद दिवसातून दोनदा बदलायचा. पोट साफ व्हायला तीन काती लागल्या. चार महिने गेले आणि त्या पोरानं एक दिवस चुकवला नाही, म्हणून ते जगलं. सापाचं कळणारे पशुवैद्य आपल्याकडे फार थोडे आहेत. साप आणायच्या आधी डॉक्टर शोधून ठेवा, नंतर धावाधाव करू नका.

काट्याच्या मीटरवर विश्वास

स्वस्तातला गोल, काट्याचा मीटर झाकणाला चिकटवायचा आणि तो म्हणेल ते खरं मानायचं. माझ्याकडच्या पहिल्या मीटरचा काटा सहा महिने 70 वर होता. मी निर्धास्त होते. एका एप्रिलमध्ये सापाची कात चिंध्या-चिंध्या होऊन निघाली, तेव्हा शेजारी डिजिटल मीटर ठेवून बघितलं. तो 38 दाखवत होता. काटा अडकलेला होता आणि सहा महिने ते जनावर कोरड्यात काढत होतं. त्या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

डिजिटल घ्या, आणि तोही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मिठाचं पाणी होऊ देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मीटरनं 75 दाखवायला हवं, कारण भिजल्या मिठावरची कोंडलेली हवा आपल्या खोलीच्या तापमानाला तिथंच स्थिरावते. 71 दाखवला तर मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून "अधिक 4" लिहून टाका. दर सहा महिन्यांनी हे करायचं. मीटरची जागा झाकणाखाली नाही. पेटीच्या थंड बाजूला, म्हणजे जिथं ऊब दिलेली नाही तिथं, तळापासून वीतभर उंचीच्या आत, म्हणजे साप जिथं श्वास घेतो तिथं.

ऊब वाढवली आणि ओल विसरली

25 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा पाणी न घालता 32 अंशांवर नेली तर तीच हवा 40 टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची तहान वाढते. थंडीत दिवा लावून "आता मस्त गरम केलंय" म्हणणाऱ्यांच्या सापाची कात म्हणूनच अडकते. 31 च्या वर मी उबदार बाजूलाही जाऊ देत नाही. आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरल्या तापमानाला आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) लावणाऱ्याशी मी पुढचं बोलतच नाही. आधी थर्मोस्टॅट आणा.

बाकीच्या, थोडक्यात

खोलीत डेझर्ट कूलर लावून पेटी दमट होत नाही. फॉगर नको. त्याची पाण्याची टाकी रोज घासणार नसाल तर तो घाण पाण्याचंच धुकं आत सोडतो. लाकडाचा भुस्सा नको, लगेच बुरशी धरतो. पेटीच्या खोलीत धूप, कापूर, फिनेल काहीच नको, गणपतीतसुद्धा. दर चार दिवसांनी खायला घालू नका. हा साप पडून राहणारा आहे, लवकर लठ्ठ होतो. मोठ्याला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असेल तर "त्याला पोहायला आवडतं" म्हणू नका. हवा कोरडी आहे, पेटी तापली आहे किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे आहेत, यांपैकी काहीतरी असतं. आणि नोंदणीशिवाय घेऊच नका. ही जात साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम तिला लागू होतात, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपला अजगर, नाग, धामण घरात ठेवणं तर सरळ गुन्हा आहे.

अडकलेली कात ओढणे

ओढू नका. डोळ्यांवर राहिलेली कातीची टोपी तर नखानं अजिबात काढायची नाही, डोळा जातो. जुना सुती अभ्रा कोमट पाण्यात भिजवून पिळा, साप त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, आणि तिथून उठू नका. कापडाला घासून बहुतेक कात सुटते. डोळ्यावरची राहिली तर पेटी नीट करून पुढच्या कातीची वाट बघा. दोन काती गेल्या तरी तशीच असेल तर डॉक्टर. ज्यांना अर्ध्या तासात निकाल हवा असतो त्यांनी हा प्राणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात उन्हाळ्याची सवय

मृग लागला की मी तांब्या बाजूला ठेवते, झाकणावरची शीट निम्मी काढते आणि वरचा थर दोन दिवसांआड हलवते. खोलीच 85 वर असते, तिथं वर पाणी कशाला? ओल एकवेळ चालते, पण ओल आणि गारठा एकत्र आले की फुप्फुसं जातात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्याकडे वीज गेली, तेव्हा दर चार तासांनी गॅसवर पाणी तापवून, बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून टबाच्या एका बाजूला लावत होते. कान टबाशीच. डिवचल्यावर हा साप जोरात फुसकारतो, ते नेहमीचं आहे. पण शांत पडलेला असताना शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. माझ्या सापाला त्या आठवड्यात काही झालं नाही. तेव्हापासून जून लागला की चार रिकाम्या बाटल्या आणि एक टॉवेल टबाशेजारीच ठेवलेले असतात.