केशरोपण करताय? मागचे केस जपून खर्च करा

केशरोपणात नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या भागातला केस मुळासकट काढून पुढे लावतात, इतकंच. जिथून मूळ काढलं तिथं ते पुन्हा उगवत नाही. बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

सगळ्यात महाग चूक घडते ती बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. मुलगा कॉलेजातला जुना फोटो दाखवून म्हणतो, "हेअरलाइन इथवर आणा." डॉक्टरांनी ऐकलं, तर दोन-अडीच हजार ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे लहान पुंजके) कपाळावरच संपतात. गळती मात्र चालूच असते. पस्तिशीत पुढे लावलेल्या केसांची पट्टी राहते, तिच्यामागे टक्कल पडतं आणि ते भरायला ग्राफ्ट उरत नाहीत. बहुतेकांच्या मागच्या भागातून आयुष्यभरात साधारण ४,००० ते ६,००० ग्राफ्टच सुरक्षितपणे निघतात. म्हणून या वयात आधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांसारखी औषधं वर्षभर घ्यावीत. गळती आटोक्यात येते का ते पाहावं.

"एफयूईमध्ये खूण राहत नाही" हाही गैरसमजच. एफयूई म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढण्याची पद्धत. १ मिलिमीटरपेक्षा लहान पंचनं (गोल, पोकळ पात्यानं) ग्राफ्ट काढला, तरी बारीक पांढरे ठिपके राहतात. एकाच ठिकाणाहून जास्त काढले, तर मागचा भाग कसर लागलेल्या लोकरीसारखा दिसतो. एफयूटी या दुसऱ्या पद्धतीत कातडीची पट्टी कापून टाके घालतात, त्याची आडवी रेघ राहते. केस थोडे लांब ठेवणाऱ्याची ती झाकली जाते. मागे मशीन फिरवून बारीक केस ठेवणाऱ्यानं एफयूटी टाळावी.

दर ठरवताना आकडा ग्राफ्टचा आहे की केसांचा, हे विचारा. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात. आणि पंच कोण चालवणार, हेही स्पष्ट विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरांनीच करायची आहे. नुसती कार्यशाळा करून किंवा यूट्यूब पाहून ती करता येत नाही.

लावलेले केस दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गळायला लागले, तर घाबरू नका. मुळं आत जिवंत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब दिसू लागतात, खरा निकाल कळायला वर्ष लागतं. पहिले दहा दिवस खपल्या नखानं काढू नका, ग्राफ्ट निघून येतो. तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, तर बहुधा ती सूज आपोआप उतरते. पण पू, ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा काळी पडत चाललेली कातडी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.