साडीच्या दुकानात काउंटरवरच्या मुली टिकवायच्या असतील तर

‘कामाला माणसंच मिळत नाहीत’ ही तक्रार पुण्यात लक्ष्मी रोडवर कुठल्याही गादीवर ऐकू येते. माणसं मिळतात. दिवाळीच्या तोंडावर कामाला लागतात आणि लगीनसराई यायच्या आत निघून जातात. मी काउंटरवरूनच वर आले, आता एका साडीच्या दुकानात मुली कामाला घेणं माझ्याकडे असतं. म्हणून दुकानदारांना स्पष्ट सांगते.

आधी बसायला स्टूल द्या. गिऱ्हाईक नसलं तरी मुलींनी उभंच राहायचं, हा आपल्याकडचा जुना दंडक. एक बाई पैठणी बघायला बसल्या की वीस-पंचवीस साड्यांच्या घड्या मोडतात. त्या उठल्या की जरीचा धागा दुमडून तुटणार नाही अशा बेतानं एकेक घडी परत घालायची, तोवर पुढचं गिऱ्हाईक हजर. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. केरळात कापड दुकानांतल्या बायका यासाठी लढल्या आणि 2018 मध्ये बसण्याचा हक्क तिथल्या कायद्यात आला. तमिळनाडूत तो 2021 मध्ये आला. तुम्हाला स्टूल ठेवायला कोणी अडवलेलं नाही. फक्त मुलगी बसलेली दिसली की डोळे वटारू नका.

मग सुटायची वेळ बघा. शटर अर्धं खाली आलं तरी ‘एवढं गिऱ्हाईक होऊ दे’ चालूच. हडपसरला जाणारीची बस चुकते, घरून फोनवर फोन येतात. मुली पगारापेक्षा यानंच जास्त सोडतात, हे माझं ठाम मत आहे. शेवटच्या तासाला आळीपाळीनं दोघींनाच थांबवा, बाकीच्यांना वेळेवर सोडा. जादा थांबवलंत तर ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्या, राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यात तसंच आहे. आठवड्याची सुट्टी कोणाची कधी, हे महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून भिंतीवर लावा.

गिऱ्हाइकासमोर कुणाला बोलू नका. चूक असेल तर नंतर बाजूला घेऊन सांगा.

आणि मुलींना माल ओळखायला शिकवा. पैठणीचा पदर उलटा करून दाखवा. हातमागावरची असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, मागे धागे लोंबत असतील तर मशीनची. हे जिला सांगता येतं तिच्या बोलण्याला वजन येतं, गिऱ्हाईक पुढच्या वेळी तिलाच शोधत येतं. अशा मुलीचा पगार तिनं मागायच्या आधी वाढवा. कमिशन मात्र एकेकीच्या विक्रीवर लावू नका, गिऱ्हाइकाची ओढाओढ सुरू होते. पूर्ण काउंटरच्या विक्रीवर काढून सगळ्यांत वाटा.

तरीही कोणी जाते म्हणाली तर तिचा पगार अडकवू नका. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असतो. मी उचल वजा करून बाकीचे पैसे त्याच दिवशी हातात देते. पुढची मुलगी बहुतेक वेळा तिच्याच ओळखीतून येते.