टायसनवर वाद घालायचा असेल तर

माझा भाचा 21 वर्षांचा आहे. बॉक्सर माइक टायसन लेनॉक्स लुईसकडून हरला तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. पण फोनवर वीस-वीस सेकंदांचे नॉकआउट बघून मला ऐकवतो, "मामा, टायसनसारखा कोणी झालाच नाही!" मी कॉलेजात दोन वर्षं बॉक्सिंग केलं. चार लढती खेळलो, तीन हरलो. ठोसा मारायचा कसा ते फारसं जमलं नाही, पण खाल्ल्यावर काय होतं ते पक्कं ठाऊक आहे. त्या अधिकारात हे सांगतोय.

आधी 'महान' म्हणजे काय ते ठरवून घ्या, नाहीतर दहाव्या मिनिटाला मुद्द्यांवरून गुद्द्यांवर याल. ऐन भरातला सगळ्यात घातक कोण, हा एक प्रश्न. अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब केला तर कोण कुठे, हा दुसरा. भाचा पहिल्याचं उत्तर देतो आणि दुसऱ्याचे मार्क मागतो.

पहिल्या प्रश्नावर हुज्जत घालू नका. सरळ मान्य करून टाका. 22 नोव्हेंबर 1986 ला टायसनने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये संपवलं आणि 20 व्या वर्षी हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचा, सगळ्यात तरुण विजेता झाला. ती शेवटची काही सेकंदं बघाच. एका हुकवर, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशावर, बर्बिक पडतो, उठायला जातो, पाय ऐकत नाहीत, तोल जाऊन परत पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा तेच. टायसनची उंची साधारण 5 फूट 10 इंच, म्हणजे हेवीवेटमध्ये ठेंगणाच. म्हणून गुरू कस डी'अमाटोने त्याला दोन्ही मुठी गालाला लावून, डोकं सतत हलवत आत शिरायला शिकवलं. आत शिरला की उजवा ठोसा बरगडीवर, आणि समोरच्याचं कोपर खाली आलं रे आलं की त्याच उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, हनुवटीवर. नुसती ताकद नव्हती, शिस्त होती. हे तुम्हीच आधी बोललात की समोरचा अर्धा गार पडतो.

आता विचारा, हरवलं कोणाला? माजी विजेता लॅरी होम्सचं नाव येईलच. तुम्ही म्हणणार, जानेवारी 1988 मध्ये होम्स 38 वर्षांचा होता आणि पावणेदोन वर्षं रिंगबाहेर होता. इथे जपून. 75 लढतींत होम्सला वेळेआधी संपवणारा टायसन एकटाच. आणि तोच 'म्हातारा' होम्स 1992 मध्ये, 42 व्या वर्षी, तेव्हाचा विजेता इव्हँडर होलीफिल्डसमोर पूर्ण 12 राउंड उभा राहिला. हे भाच्याने मला ऐकवलं तेव्हा मी चहा टाकायला उठलो. टायसनने मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवलं, त्याबद्दल मात्र एवढं म्हणता येतं, की तो मुळात खालच्या वजनगटातून वर आलेला होता.

खरी मेख टोकियोत आहे. 11 फेब्रुवारी 1990 ला तिथे टायसन बस्टर डग्लसकडून हरला. डग्लसवर लास वेगासमध्ये 42 ला 1 असा भाव होता, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कोणालाच वाटत नव्हतं. डग्लसची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. टायसनने आधीचा प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढून टाकलं होतं आणि नव्या मंडळींकडे सूज दाबायचं साधं साधनसुद्धा नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते! भाचा म्हणेल, आठव्या राउंडमध्ये डग्लस पडला तेव्हा रेफरीने सावकाश आकडे मोजले (दहापर्यंत उठला नाही तर हरला). खरंय, वेळ बघणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा रेफरी मागे होता. पण खाली पडलेला खेळाडू रेफरीचेच आकडे ऐकून उठतो. मीही तसाच उठायचो, सातपर्यंत वाट बघून. दहाव्या राउंडमध्ये टायसन गुडघ्यांवर येऊन माऊथगार्ड चाचपतोय, तो उलटासुलटा तोंडात कोंबतोय, हे चित्र बघून मला अजूनही वाईट वाटतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "तुरुंगाने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली." तारखा सांगा. डग्लस 1990 चा, शिक्षा 1992 ची. शिवाय ती शिक्षा बलात्काराची होती. तिला दुखापतीसारखं दुर्दैव म्हणू देऊ नका.

हुकमाचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका: पडल्यावर काय केलं? होम्सला 1979 मध्ये अर्नी शेव्हर्सने सातव्या राउंडमध्ये आडवं केलं. तो उठला आणि अकराव्यात जिंकला. जो लुई 1936 मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून हरला, पण 1938 मध्ये पहिल्याच राउंडमध्ये परतफेड केली. 1971 मध्ये हरलेल्या अलीने फ्रेझरला पुढे दोनदा हरवलं. टायसन ज्या लढतीत पडला, त्यातली एकही त्याने जिंकली नाही. होलीफिल्डकडून हरल्यावर परतफेडीची संधी मिळाली, तर त्याचा कान चावून बाद झाला.

2024 ची यूट्यूबर जेक पॉलशी झालेली लढत मात्र मध्ये आणू नका. 58 वर्षांच्या माणसाचा पराभव पुरावा म्हणून वापरायचा म्हणजे रडीचा डाव.

माझ्या यादीत टायसन दहाव्या-अकराव्या जागेवर आहे. भाच्याने फोनमध्ये त्याला पहिला ठेवला होता, गेल्या रविवारी तिसऱ्यावर आणला. पण लेनॉक्स लुईस अजून सातवा. ज्याने आठव्या राउंडमध्ये टायसनला झोपवलं तो चार घरं खाली कसा, हे आता गणपतीत त्याच्याकडे गेल्यावर विचारणार आहे.