लहान विमानाचा सुटा भाग मागवताना: मराठवाड्यातल्या विमानमालकांसाठी

चिकलठाण्याला, नांदेडला किंवा लातूरला स्वतःचं चार आसनी विमान उभं असेल, तर त्याचा ऑइल फिल्टरसुद्धा जवळच्या बाजारात मिळणार नाही. बहुतेक भाग अमेरिकेतून निघतात आणि मुंबईच्या सहार कार्गोतून सुटून येतात. चुकीचा भाग आला, तर तो परत करून दुसरा येईपर्यंत विमान जमिनीवरच राहतं. ही चूक बहुधा ऑर्डर देतानाच झालेली असते. खालची उदाहरणं सेस्ना १७२ची आहेत. पायपर असलं तरी पद्धत तीच.

आधी नंबर

काढलेल्या भागावरचा नंबर वाचून ऑर्डर देऊ नका. तो नंबर बऱ्याचदा ओतीव तुकड्याचा असतो, तयार भागाचा नसतो. शिवाय आधी कुणी चुकीचाच भाग बसवला असेल, तर तीच चूक पुढे चालू राहते. डेटा प्लेटवरून विमानाचं मॉडेल आणि सिरियल नंबर घ्या. उत्पादकाच्या सचित्र पार्ट्स कॅटलॉगची चालू आवृत्ती उघडा, आकृतीत भाग शोधा आणि त्या ओळीसमोरच्या सिरियल नंबरांच्या पट्ट्यात आपलं विमान बसतं का ते पाहा. हे टाळलं की काय होतं, याचं उदाहरण विजेच्या सामानात मिळतं: जुन्या १७२ बारा व्होल्टच्या, नंतरच्या चोवीस व्होल्टच्या. रिले आणि दिवे दिसायला सारखेच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. शेवटचा डॅश नंबरही (आडव्या रेघेनंतरचे आकडे) सोडू नका. डावा-उजवा फरक पुष्कळदा तेवढ्यावरच असतो.

मग लॉगबुक चाळा. पूर्वी एसटीसीखाली (मूळ रचनेत बदल करायला मिळालेली पूरक मंजुरी) ब्रेक, अल्टरनेटर किंवा इंजिन बदललेलं असेल, तर त्या भागापुरता कारखान्याचा कॅटलॉग निरुपयोगी. ज्याची एसटीसी, त्याची भागयादी लागते. त्याच बैठकीत लागू असलेल्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हही (सुरक्षिततेसाठी निघालेले सक्तीचे आदेश) पाहून घ्या. सेस्नाच्या सीट रेलवरची (सीट सरकते त्या पट्टीवरची) २०११-१०-०९ क्रमांकाची डायरेक्टिव्ह दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी तपासणी मागते. भोकं झिजलेली किंवा रेलला चीर गेलेली सापडली की रेल लागतेच, मग ती याच खेपेत का मागवू नये?

बोल्ट आणि वाळूजचा लेथ

एएन३-५ए या बोल्टच्या नंबरात सगळं सांगितलेलं असतं. ३ म्हणजे व्यास ३/१६ इंच, ५ म्हणजे लांबी साधारण ५/८ इंच आणि ए म्हणजे दांड्याला कॉटर पिनचं भोक नाही. ए गाळलात तर भोकाचा बोल्ट येतो. आटे इंची, बारीक. शहागंजातला मेट्रिक बोल्ट दोन आटे बसल्यासारखा वाटला, तरी तो ट्रॅक्टरलाच ठेवा. अशा प्रमाणित हार्डवेअरला अनुरूपतेचं प्रमाणपत्र (माल ठरलेल्या मानकाप्रमाणे असल्याचा कागद) पुरतं, पण पुडीवर लॉट नंबर हवा.

वाळूजमध्ये कुठलाही बुश तासाभरात हुबेहूब तासून मिळतो, आणि मोह इथेच होतो. माप जुळतं, पण धातू कुठला, त्यावर उष्णतेची प्रक्रिया कोणती, हे सांगणारा कागद नसतो, आणि असा भाग इंजिनिअर सही करून बसवू शकत नाही. टो बार, जॅकचे स्टँड, चाकाखालचे ठोकळे मात्र तिथूनच बनवा. परदेशातून मागवणं उधळपट्टी आहे.

पैसे पाठवण्याआधी कागद

कोटेशन मागताना भागाची अवस्था विचारा. एनई म्हणजे नवा, ओएच म्हणजे ओव्हरहॉल केलेला, एसव्ही म्हणजे वापरण्यायोग्य, एआर म्हणजे काढला तसाच. एआर स्वस्त दिसतो, पण दुरुस्तीचा खर्च आणि कागद मिळवण्याचा व्याप धरला की महागच पडतो.

मग प्रमाणपत्राची स्कॅन प्रत आगाऊ मागवा: अमेरिकेच्या एफएएचं ८१३०-३, युरोपच्या ईएएसएचा फॉर्म १ किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेचा सीए फॉर्म १. रकाना ८ मध्ये पार्ट नंबर, १० मध्ये सिरियल नंबर, ११ मध्ये स्थिती आणि १२ मध्ये शेरे असतात. नव्या भागाची सही १३ व्या रकान्यांत, दुरुस्त किंवा ओव्हरहॉल केलेल्याची १४ व्या. ओव्हरहॉल केलेला मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) घेत असाल, तर रकाना १२ नीट वाचा. कोणत्या मॅन्युअलप्रमाणे काम झालं ते तिथेच असतं. ही प्रत आपल्या एएमईला (विमान देखभाल इंजिनिअरला) किंवा देखभाल संस्थेला दाखवून होकार लेखी घ्या, आणि पैसे त्यानंतर पाठवा.

कस्टम्स

आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा संकेतांक) आधी काढून ठेवा. इनव्हॉइसवर पार्ट नंबर, विमानाचं मॉडेल, मूळ देश आणि एचएस कोड (कस्टम्सच्या वर्गवारीतला मालाचा क्रमांक) हवा. विमानाचे बरेचसे भाग ८८०७ खाली येतात, पण टायर, बॅटरी, फिल्टर यांची वेगळी शीर्षकं आहेत. कुरिअरने 'मेटल पार्ट्स' असं मोघम लिहून बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा अर्ज) भरलं, तर विमानाच्या भागांची शुल्क-सवलत हातची जाते. म्हणून पार्सल निघण्याआधीच कस्टम्स ब्रोकरला कागद द्या. बॅटरी, सीलंट, रंग हे धोकादायक माल ठरतात. बाकीच्यांबरोबर एकाच खोक्यात मागवले, तर सगळंच अडकतं.

रबर आणि इथला उन्हाळा

रबरी भागावर क्युअर डेट (रबर तयार झाल्याची तारीख) असते: २क्यू२४ म्हणजे २०२४ची दुसरी तिमाही. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी नको. मे महिन्यात पत्र्याच्या हँगरमध्ये ओ-रिंग आणि ट्यूब ठेवल्या, तर न वापरताच कडक होतात. मूळ पुडीत, अंधारात, थंड खोलीत ठेवा. इंधनासाठी एमएस२९५१३ आणि ब्रेकच्या लाल हायड्रॉलिक तेलासाठी एमएस२८७७५ अशा ओ-रिंग वेगळ्या असतात. दिसायला सारख्या म्हणून पुड्या मिसळू नका. आणि त्या ब्रेकमध्ये मोटारीचं ब्रेक ऑइल अजिबात ओतू नका. सील फुगतात, मग सगळी प्रणाली खोलावी लागते.

कपाटात कायम ठेवावं असं थोडंच: दोन-तीन ऑइल फिल्टर (बदल दर ५० तासांनी), आठ स्पार्क प्लग आणि नवे तांब्याचे वॉशर, ६.००-६ आणि ५.००-५ मापाचा एकेक टायर ट्यूबसह, ब्रेक लायनिंगचा एक संच, रिव्हेटसह. प्लग हातातून पडला तर तो बाद. आतली सिरॅमिक तडकली की वरून दिसत नाही.

आल्यावर

खोकं उघडताना फोटो काढा. भाग, टॅग आणि प्रमाणपत्र या तिन्हींवरचा नंबर अक्षरशः जुळवा. जुळेपर्यंत भाग वेगळ्या कप्प्यात ठेवा. मूळ प्रमाणपत्र लॉगबुकसोबत जपा.

भाग अदलाबदलीत घेतला असेल, तर जुना कोअर (बदल्यात द्यायचा आपला जुना भाग) मुदतीत परत गेला पाहिजे, नाहीतर ठेव बुडते. कार्ब्युरेटर किंवा इंधनपंप असेल तर पूर्ण रिकामा करून, कोरडा करून, तोंडं बंद करून पाठवा; पेट्रोलचा वास आला की विमान कंपनी घेत नाही. आपलाच भाग दुरुस्तीला पाठवून परत आणायचा असेल, तर निर्यातीच्या कागदावर सिरियल नंबर घालाच. तोच भाग परत आला हे सिद्ध झालं, तर शुल्क दुरुस्तीचा खर्च आणि वाहतूक-विमा यांवर लागतं, पूर्ण किमतीवर नाही. अदलाबदलीत सिरियल नंबर बदलतो, त्यामुळे ही सवलत मिळत नाही. दोन पर्यायांचे भाव लावताना हा फरक आधीच धरा.