गावच्या शिळेवरचा आकडा आणि त्यातलं एक नाव

गावच्या युद्धस्मारकाच्या शिळेवर नुसता आकडा असतो, त्यातला एकेक सैनिक मुलांनी नावानिशी शोधायचा, ही पद्धत मी नातीच्या गृहपाठातून शिकले. ती ऑन्टारिओत दहावीला होती. कॅनडात शिक्षण प्रांतांकडे असतं, त्यामुळे देशभर एकच इतिहासाचं पुस्तक नाही. ऑन्टारिओत मात्र पहिल्या महायुद्धापासूनचा कॅनडाचा इतिहास दहावीला सक्तीचा आहे. बाईंनी तिला धडा पाठ करायला न देता एक सैनिक नेमून दिला. त्या युद्धातल्या सहा लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं इंटरनेटवर खुल्या केल्यात. भरतीच्या दिवशीची उंची, छातीचं माप, डोळ्यांचा रंग, पगारातून घरी किती पाठवले, सगळं त्यात. नात रात्री मला फोनवर ते वाचून दाखवायची आणि मधेच गप्प व्हायची.

साताऱ्यात इतकी वर्षं इतिहास शिकवून मी अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, एवढंच सांगत आले. त्यातलं एक नाव मला येत नव्हतं. आपल्या गावांतल्या इंग्रजी अमदानीच्या शिळांवर बहुधा 'इतके गेले, इतके मेले' एवढंच असतं. फ्रान्समधल्या व्हिमीच्या स्मारकावर कॅनडानं कबर न सापडलेल्यांची ११,२८५ नावं कोरली आहेत.

तर आपल्या मुलांना घेऊन सुरुवात करा ती शिळेपासून. मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. मग युद्धात मेलेल्यांच्या कबरींची आणि नावांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, पण आडनावानं नको, गावाच्या नावानं. भारतीय शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेनं घालून बघा. 'मराठा' हा शब्दसुद्धा तेव्हाचे साहेब Mahratta असा लिहीत. पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर नकाशावर इराकमधलं कूत दाखवा. १९१५-१६ च्या त्या वेढ्यात या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या.

नाव मिळालं की घर गाठा. हे काम घाईनं होत नाही. पदक दाखवा म्हणून सुरुवात करू नका. चहा घ्या, घरातल्या सगळ्यात थोरल्या आजींजवळ बसा आणि देवघरातले टाक कुणाकुणाचे ते विचारा. मुलांना बोलू द्या, आपण ऐकायचं.

मग एकच पान लिहायचं. त्याच्या बायकोचं पुढं काय झालं, जमीन कुणाकडे गेली, हेही लिहा, घरच्यांची परवानगी घेऊन. अवघड ते गाळू नका. आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची गोष्ट कॅनडानं फार काळ दडवली. दीड लाखांवर मुलं त्या शाळांत गेली. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्यांच्या आठवणीचा राष्ट्रीय दिवस आहे आणि नात त्या दिवशी नारिंगी शर्ट घालते.

११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, सकाळी अकरा वाजता तिकडे दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात, छातीवर डावीकडे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं लाल पॉपीचं फूल. आपण त्याच वेळी शिळेपाशी जमावं, झेंडूची दोन फुलं ठेवावीत आणि ज्यानं पान लिहिलं त्यानंच ते मोठ्यानं वाचावं. एक प्रत त्या घरी द्या, एक शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला दुसरं नाव.