सर्व्हर घेताय? या चुका टाळा, कारण कंपन्यांची स्पर्धा ऑर्डर निघेपर्यंतच असते

फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात. लातूर, उदगीर, अंबाजोगाई, परभणी, कधी किनवट. पलीकडे पतसंस्थेचे सीईओ असतात, साखर कारखान्याचा ईडीपी (संगणक विभाग) सांभाळणारा असतो, नाहीतर हॉस्पिटलचे डॉक्टर स्वतः. प्रश्न ठरलेला: "सर, डेल घेऊ का एचपी? लेनोवोवाला स्वस्तात देतो म्हणतोय, ते घेऊ का?"

अठरा वर्षं हेच काम करतोय, पण या प्रश्नाला मी आता सरळ उत्तर देत नाही. आधी उलट विचारतो: चौथ्या वर्षी डिस्क गेली तर ती कोण आणून देणार, किती दिवसांत, आणि कितीला? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो.

डबा उघडून बघितला तर कंपन्यांत फरक थोडाच आहे. प्रोसेसर इंटेलचा नाहीतर एएमडीचा. मेमरी सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनची. हार्ड डिस्क सीगेट, तोशिबा, वेस्टर्न डिजिटल यांच्यापैकी कोणाची तरी, वर स्टिकर सर्व्हरवाल्या कंपनीचं. खरा फरक फर्मवेअरचा (पार्टच्या आत बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर), रिमोट मॅनेजमेंटचा (लांबून मशीन सांभाळण्याची सोय) आणि सर्व्हिसचा. कंपन्यांमधली चुरस खरी आहे आणि तिचा फायदाही मिळतो. पण तो ऑर्डर निघेपर्यंत. ऑर्डर निघाली की पुढची पाच वर्षं तुम्ही आणि ती एकच कंपनी. पार्ट तिचा, फर्मवेअर तिचं, वॉरंटी वाढवायची तर दरही तिचाच. खालच्या बहुतेक चुका ही गोष्ट न समजल्यामुळे होतात.

तीन कोटेशनं, पण कंपनी एकच

खरेदी समितीला तीन कोटेशनं लागतात. मग एकाच कंपनीच्या तीन डीलरांकडून ती मागवली जातात आणि फाइलला "स्पर्धात्मक दर" असा शेरा लागतो. यात स्पर्धा कसलीच नसते. तुमच्याकडे जो डीलर पहिला पोचला, त्याने कंपनीकडे तुमच्या नावाने डील रजिस्टर केलेली असते. ती रजिस्टर झाली की कंपनीचा खास दर त्यालाच मिळतो. बाकीच्या दोघांनी कितीही जीव तोडला तरी त्यांना तो दर मिळत नाही. बऱ्याचदा ती दोन कोटेशनंही पहिल्यानेच मैत्रीखात्यात मिळवून दिलेली असतात.

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजला मी हेच सांगितलं. त्यांच्या फाइलमध्ये सर्वांत कमी दर होता ६ लाख ४० हजार. मी मॉडेलचं नाव काढायला लावलं आणि गरज लिहून दिली: इतके कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), इतकी मेमरी, इतक्या डिस्क, दोन पॉवर सप्लाय, पाच वर्षांची जागेवर सर्व्हिस. ती दुसऱ्या कंपनीच्या डीलरला पाठवली. बारा दिवसांनी पहिलाच डीलर ५ लाख १५ हजारांवर आला, तेही वॉरंटी तीनऐवजी पाच वर्षांची करून. मशीन तेच होतं. फक्त कंपनीच्या वरच्या माणसाला कळलं होतं की समोर खरंच दुसरी कंपनी उभी आहे.

यातच वेळेची चूक येते. आपल्याकडे सगळी खरेदी मार्चमध्ये, बजेट संपवायचं म्हणून. पण सवलतीचा जोर कंपनीच्या आर्थिक वर्षाच्या शेवटी असतो आणि तो प्रत्येकीचा वेगळा. एचपीईचं (एचपीचे सर्व्हर आता हीच कंपनी विकते) वर्ष ३१ ऑक्टोबरला संपतं. डेलचं जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. लेनोवोचं मात्र आपल्यासारखंच, ३१ मार्चला. म्हणून मी गरजेचा कागद दसऱ्याआधी तयार ठेवतो आणि दिवाळीच्या आसपास दोन-तीन कंपन्यांत बोलणी लावतो. २५ मार्चला फोन करून "सर, चार दिवसांत बिल पाहिजे" म्हणणाऱ्याला भाव कोण कमी करून देणार?

तीन वर्षांची वॉरंटी

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते.

धाराशिव जिल्ह्यातली एक पतसंस्था. सर्व्हर २०१५ चा, वॉरंटी तीन वर्षांची. खरेदीच्या वेळी पाच वर्षांच्या दरात पन्नास-साठ हजारांचा फरक पडत होता, संचालक मंडळाने तो वाचवला. २०१९ च्या मार्चमध्ये शाखाधिकाऱ्यांचा फोन आला, "सर, पिग्मीची मशीन भरेनात. सर्व्हर लई हळू चालायलाय." मी नांदेडला होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणालो.

त्या एका रात्रीत घोळ झाला. आधी त्यांनी कंपनीला फोन केला. वॉरंटी संपलेली. नवीन करार करायचा तर आधी मशीनची तपासणी, मग महिनाभर थांबणं. डिस्क सुटी विकत घ्यायची तर आगाऊ पैसे भरा, मग पाठवू. पैसे भरले. "पार्ट निघालाय म्हणायलेत सर, पण कुठून निघालाय ते सांगेनात," असं शाखाधिकारी मला नंतर म्हणाले. मग कोणीतरी गावातल्या कॉम्प्युटर दुकानातल्या पोराला बोलावलं.

सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या, रेड ५ मध्ये, म्हणजे एकमेकींना सांभाळून घेतील अशा एकत्र बांधलेल्या. म्हणजे एक गेली तरी काम चालतं, दुसरी गेली की सगळं बसतं. धूळ बसू नये म्हणून सर्व्हरवर समोरून कापड टाकलेलं होतं, त्यामुळे एका डिस्कचा दिवा किती आठवड्यांपासून नारंगी जळत होता हे कोणालाच माहीत नव्हतं. स्क्रीनवर लिहून आलं होतं, डिस्क २ बिघडली. पोराने डावीकडून एक, दोन असं मोजलं आणि दुसरी डिस्क बाहेर ओढली. पण त्या सर्व्हरवर मोजणी शून्यापासून होती. डिस्क २ म्हणजे डावीकडून तिसरी. त्याने चांगली डिस्क ओढली होती. सर्व्हर तिथेच बसला. घाबरून त्याने ती परत आत सरकवली, मशीन चालू केलं, स्क्रीनने जुनी रचना आयात करायची की पुसायची असं विचारलं, आणि त्याने पुसायची म्हणून बटण दाबलं. त्यावरही कदाचित मार्ग निघाला असता, पण त्याने तिथेच नवीन रेड बांधून टाकली आणि पूर्ण इनिशियलाइज केली, म्हणजे डिस्क कोऱ्या करून टाकल्या.

सकाळी मी पोचलो तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटचा धड बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. पुढच्या चार रात्री आठ माणसं व्हाउचरचे गठ्ठे सोडून बसली. कॅशिअर ताई कार्बन कॉपीवरची पुसट रक्कम ट्यूबलाइटखाली तिरकी धरून वाचून दाखवायच्या आणि दुसरा टाइप करायचा. दारात पिग्मी एजंट उभे. त्यांचे खातेदार म्हणजे भाजीवाले, टपरीवाले. त्यांना रोज सांगावं लागत होतं की पैसे कुठे गेलेले नाहीत, नोंद व्हायची आहे. पतसंस्थेचं सगळं भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास, तो त्या चार दिवसांत टांगणीला लागला होता.

त्या पोराला मी दोष देत नाही. उत्साही होतं, फक्त दम नव्हता. पण या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगतो: लाल किंवा नारंगी दिवा दिसला की मोबाइलवर फोटो काढ, डिस्कचा सीरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी जुळव, आणि मग पाच मिनिटं कशालाही हात लावू नकोस. सर्व्हरला "बंद करून चालू करू" हा उपाय नसतो. यूट्यूबवरचा व्हिडिओ ज्याने बनवला त्याच्या डिस्कवर तुमच्या खातेदारांचे पैसे नव्हते.

माझी पद्धत अशी. चौथ्या आणि पाचव्या वर्षाचा दर पहिल्याच कोटेशनमध्ये घेतो, कारण तेव्हाच दुसरी कंपनी समोर असते. सर्व्हरबरोबर त्याच पार्ट नंबरची एक जादा डिस्क, कॅडीसकट (डिस्क बसवायची चौकट), विकत घेऊन तिजोरीच्या कपाटात ठेवतो. आणि "पुढच्या कामकाजाच्या दिवशी सर्व्हिस" याचा अर्थ लेखी मागतो. तो दिवस तुमच्या फोनपासून मोजत नाहीत, कंपनीने बिघाड मान्य केल्यापासून मोजतात. पार्ट छत्रपती संभाजीनगरला ठेवलेला आहे का पुण्याला, हेही विचारतो. शनिवारी रात्री अहमदपुरात सर्व्हर बसला तर याच उत्तरावर सगळं ठरतं.

बँक किंवा पतसंस्था असाल तर बिघडलेली डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची सोय वॉरंटीत घ्या. नाहीतर बदलीच्या डिस्कच्या मोबदल्यात खातेदारांची माहिती कंपनीच्या गोदामात जाते.

फर्मवेअर "चालतंय ना, कशाला छेडायचं"

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही सॅस एसएसडी (सर्व्हरमधल्या चिपवर चालणाऱ्या डिस्क) ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात आणि आतला डेटा परत मिळत नाही. कारण फर्मवेअरमधली चूक. हे तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. पुढच्या मार्चमध्ये आणखी काही डिस्कबाबत ४०,००० तासांची तशीच सूचना आली. एका सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी चालू झालेल्या असतात, म्हणजे त्या बंदही जवळपास एकत्रच पडणार. तिथे रेड काय करणार? उपाय एका अपडेटचा होता. म्हणून मी दर सहा महिन्यांनी, बॅकअप तपासून, फर्मवेअर बघतोच. करार संपल्यावर काही कंपन्यांचे ठरावीक अपडेट मिळत नाहीत, हेही चौथ्या-पाचव्या वर्षाचे पैसे भरण्याचं एक कारण.

"आम्ही कायम याच कंपनीचं घेतो"

नावावर इतका जीव लावू नका. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली, एचपीचे २०१५ मध्ये दोन भाग झाले आणि सर्व्हर एचपीईकडे आले. आयबीएमने २०१४ मध्ये इंटेलवरचे सर्व्हर लेनोवोला विकले. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी) ब्रॉडकॉमकडे गेली आणि महिन्याभरात कायमचं लायसन्स विकणंच बंद झालं, फक्त वर्गणी. यातला एकही निर्णय आपल्याला विचारून झाला नाही. आपला डेटा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर उचलून चालवता येतो का, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून बघा.

आता बाकीच्या, थोडक्यात. "त्याच भावात जास्त कोअर देतो" ऐकून हरखू नका. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर आहे, किमान १६. ३२ कोअरचं मशीन घेतलं की लायसन्स दुप्पट. आयलो (एचपीई) किंवा आयड्रॅक (डेल), म्हणजे लांबून सर्व्हरची स्क्रीन बघायची सोय, याचं पूर्ण लायसन्स खरेदीतच घ्या, नाहीतर स्क्रीन बघायला कोणीतरी एसटीने यायचं. आरडिम आणि यूडिम या मेमरीच्या दोन जाती एकाच मशीनमध्ये एकत्र चालत नाहीत. निम्म्या पैशात असेंबल करून देणाऱ्याला विचारा, पाच वर्षांनी त्या मदरबोर्डाची जोडी कुठे मिळेल.

आणि अर्थिंग. सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झाला की सर्व्हरवाला यूपीएसकडे बोट दाखवतो, यूपीएसवाला सर्व्हरकडे. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं त्या दिवसांत, एका शाखेत न्यूट्रल आणि अर्थमध्ये मला १४ व्होल्ट सापडले. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. प्यायला पाणी नसताना खड्ड्यात बादली ओता म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी एसीच्या पाण्याची नळी त्या खड्ड्यात सोडली. दोन दिवसांनी मोजलं तर दोन व्होल्टच्या आत. तेव्हापासून कुठल्याही कंपनीला शिव्या घालण्याआधी मी मीटर काढतो.

ज्यांची वॉरंटी येत्या मार्चमध्ये संपतेय त्यांनी सर्व्हरच्या पुढच्या बाजूची छोटी पट्टी ओढून सीरियल नंबर घ्यावा, कंपनीच्या साइटवर तारीख बघावी आणि वाढीव वर्षांचा दर आताच मागवावा, सोबत दुसऱ्या कंपनीच्या नव्या मशीनचाही. मुदत संपायच्या आत दोन्ही कागद हातात हवेत. एक दिवस जरी उलटला तर तपासणी आणि महिनाभराची वाट तुमच्याही वाट्याला येऊ शकते.