सोनाटा ऐकायचा तर आधी ‘सा’ शोधा

“मॅडम, याचा सा कुठं आहे जी?” नागपुरात धंतोलीतल्या माझ्या पियानोच्या क्लासला नातीला घेऊन येणाऱ्या एका काकांनी सोनाटा ऐकताना मला विचारलं. ते भजनी मंडळात हार्मोनियमची साथ करतात. सोनाटा, म्हणजे पियानोसारख्या वाद्यासाठीची बहुधा तीन-चार भागांची रचना, समजून घ्यायला याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही, आणि गाणं ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या माणसांना तो आपसूक पडतो. देशपांडे सभागृहात ख्याल ऐकताना तानपुरा सा धरून असतो. गायक कुठंही फिरून आला तरी सा जागचा हलत नाही. सोनाट्यात मात्र सा स्वतःच मुक्काम हलवतो. तो कुठं गेला, तिथं किती रमला आणि परत कसा आला, एवढं कानाला कळलं की अर्धं काम झालं.

सुरुवात मोत्झार्टच्या के. 545 (हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) या सोनाट्याच्या पहिल्या भागापासून करा. 1788 सालचा हा सोनाटा त्यानं स्वतःच्या यादीत नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला आहे. घरची पेटी समोर घ्या आणि पांढरी एकवर (पाश्चात्त्य ‘सी’; बाकीच्या पट्ट्या इथूनच मोजायच्या) सा धरा. पहिलीच ओळ सा, ग, प, मग खालचा नी, आणि सा रे सा. थोड्या वेळानं दुसरी थीम, म्हणजे दुसरी मुख्य चाल, येते तेव्हा पांढरी एकचा सा अडखळायला लागेल. पांढरी पाच दाबून बघा, तो बरोबर बसेल. म्हणजे सा पंचमावर राहायला गेला. मधल्या भागात तो अस्थिर असतो, तिथं पेटी सोडून नुसतं ऐका. मग पहिली ओळ परत येते आणि आपल्याला वाटतं, आलो घरी. पण पेटीवर ताडून बघा. ओळ तीच असली तरी सा पांढरी चारवर आहे! खरी घरवापसी त्यानंतर, दुसऱ्या थीमच्या वेळी होते. पुस्तकात या तीन टप्प्यांना एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट आणि रीकॅपिट्युलेशन म्हणतात. नावं पाठ असून सा कुठं आहे हे सांगता न येणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

एवढं जमलं की बेथोव्हनच्या ओपस 13 या सोनाट्याकडे या (ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक). ‘पॅथेटिक’ म्हणून सगळे ओळखतात तोच. 1799 साली व्हिएन्नात छापला गेला, राजपुत्र लिख्नोव्स्कीला अर्पण केलेला. इथं माझं एक आग्रहाचं सांगणं आहे: बेथोव्हनच्या बहिरेपणाची गोष्ट पहिल्या ऐकण्यात बाजूला ठेवा. त्या दुःखाबद्दल त्यानं मित्रांना लिहिलेली पत्रं 1801 ची आहेत. गोष्ट डोक्यात धरून बसलं की प्रत्येक सुरात रडणं ऐकू येतं आणि बांधणी हातातून निसटते.

सा पांढरी एकच, पण मायनर. गंधार कोमल, धैवत कोमल. अगदी संथ ‘ग्राव्ह’नं सुरुवात होते. पहिल्या स्वरसमूहाखाली (एकदम वाजवलेल्या सुरांखाली) बेथोव्हननं लिहिलंय एफ-पी, म्हणजे जोरात आणि लगेच हळू. आता पियानोवर एकदा दाबलेला सूर मागाहून हळू करता येत नाही. त्या काळच्या व्हिएन्नी पियानोचा नाद लवकर विरायचा, त्यामुळे ही खूण तिथं सहज साधायची. आजच्या वाद्यात तार खूप वेळ घुमते. मग करायचं काय? मी मुलांना सांगते: पूर्ण हाताच्या वजनानं वाजवा, खांदे सैल सोडा, आणि नाद पुरेसा खाली येईपर्यंत पुढच्या सुराला हात लावू नका. पुढचा सूर उरलेल्या नादाइतकाच हळू आला पाहिजे. डिजिटल पियानोवरही हे करता येतं, आवाज मात्र हेडफोनमधून न ऐकता खोलीत ऐका. वरची चाल सा सा रे अशी चढत कोमल गंधारावर थांबते आणि रिषभावर उतरते. ती गाऊन बघा. गाताना जिथं श्वास घ्यावासा वाटेल तिथंच वाजवतानाही जागा सोडायची.

ग्राव्ह संपला की जलद ‘अलेग्रो’ उसळतो. डाव्या हातात खालचा सा आणि वरचा सा झपाट्यानं आलटून पालटून वाजत राहतात आणि त्यावर उजवा हात चढत जातो. आपल्या कानाला हा भाग लगेच ओळखीचा वाटतो, कारण काही बार (तालाची छोटी आवर्तनं) खाली सा धरून ठेवलेला आहे. वाजवणाऱ्यांचा डावा हात इथं हमखास आखडतो. बोटांनी ठोकू नका, मनगट फिरवा. दुखायला लागलं तर लगेच थांबा, गती नंतर येईल.

दुसऱ्या थीमला पेटी पुन्हा जवळ घ्या. रिवाजाप्रमाणे सा काळी दोनवर जायला हवा आणि थाट मेजर, शुद्ध गंधाराचा, व्हायला हवा, म्हणजे थोडा उजेड. सा काळी दोनवर जातो खरा, पण उजेड पडत नाही. थीम मायनरमध्येच येते. डावा हात मधे स्वरसमूह धरतो आणि उजवा हात त्याच्यावरून उडी मारून खाली प्रश्न विचारतो, वर येऊन उत्तर देतो. इथं गती ओढून भावुक करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मला ते पटत नाही. धडधड चालू असताना दोघं बोलतायत, त्यातच त्या जागेचा ताण आहे. मेजर येतो, पण बराच उशिरा.

ग्राव्ह मधेच दोनदा परततो. पहिल्यांदा पांढरी पाचच्या मायनरमध्ये. शेवटी, अलेग्रोच्या अखेरीस, पुन्हा येतो तेव्हा स्वरलिपीत नीट पाहा: ज्या जागी पहिला जबरदस्त स्वरसमूह होता तिथं आता विराम आहे. आधी दोनदा तो ठोका ऐकलेला असल्यामुळे कान तो आपणहून भरतो. वाजवणाऱ्यानं तो विराम पूर्ण मोजावा. घाईनं गिळला तर ऐकणाऱ्याला काही हरवल्याचं कळतच नाही.

दुसरा भाग ‘अडाजिओ कांताबिले’, म्हणजे संथ आणि गाण्यासारखा, सा काळी चारवर, मेजर. त्याच्याबद्दल फार सांगायला नको, तो ऐकताक्षणी आपला होतो. वाजवणाऱ्यांनी मात्र आधी फक्त वरची चाल आणि खालचा खर्ज वाजवून घ्यावा, मधले बारीक सूर पूर्ण गाळून. ते सूर बरेचसे उजव्या हाताच्याच अंगठ्याकडे असतात आणि अंगठा फार बोलतो. चाल शेवटी परतते तेव्हा मधल्या सुरांची तीन-तीनची झुळझुळ सुरू असते. तेवढ्यानं तीच चाल वेगळी वाटते.

तिसऱ्या भागात, म्हणजे मुख्य चाल फिरून फिरून परत येणाऱ्या ‘रोंडो’त, पहिली चार पावलं खालचा पंचम, सा, रे, कोमल गंधार अशी आहेत. आता पहिल्या भागातल्या त्या दुसऱ्या थीमचा वरचा जवाब पुन्हा ऐका. काळी दोनचा सा धरला तर हेच चार सूर! अगदी शेवटी ही चाल काळी चारवर हळूच डोकावते, अडाजिओच्या मुक्कामी, आणि मग एका सपाट्यात वरून खाली पांढरी एकच्या मायनरवर आदळते. त्या उतरणीच्या आधी थांबून दम घेऊ नका, आणि शेवटचे सूर लांबवू नका.

हे कानात मुरलं की ओपस 10 मधला पहिला सोनाटा घ्या. तोही पांढरी एकच्या मायनरमध्ये आहे, त्याचाही मधला संथ भाग काळी चारवर. पण तिथं दुसरी थीम रिवाजाप्रमाणे काळी दोनच्या मेजरमध्ये येते. दोन्ही सोनाट्यांचे पहिले भाग एका बैठकीत, पेटी शेजारी ठेवून ऐका.